खंडूकाकांच्या खोक्यातली उशी

लाज वाटायला लागली की माझा आवाज चढतो. हे माझ्या नवऱ्याला लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं. मला कळायला एक्केचाळीस वर्षं लागली.

अंधेरी पश्चिमेला बाळांच्या वस्तूंचं एक दुमजली दुकान आहे, तिथे मी अकरा वर्षं नोकरी करते. खाली झबली, दुपटी, दुधाच्या बाटल्या. वर पाळणे, बाबागाड्या आणि मोटारीत बसवायच्या बाळांच्या सीट. वरचा मजला माझा. गिऱ्हाईक जिना चढत असतानाच मला कळतं, हे घेणार की नुसतं हात लावून जाणार. निदान मला तसं वाटायचं. दुकानातल्या मुली माझ्या पाठीमागे मला 'सुलक्षणा कोर्ट' म्हणतात, कारण मी एकदा बोलले की पुढे अपील नाही. मला ते नाव ठाऊक होतं आणि खरं सांगते, आवडायचंही.

सीटचं गिऱ्हाईक मुळात कमी. आपल्याकडे बाळ दवाखान्यातून घरी येतं ते आजीच्या मांडीवरून. सीटचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, "इवल्याशा जिवाला बांधून काय ठेवायचं?" त्यामुळे सीट घ्यायला येणारे एकतर परदेशात राहून आलेले असतात, नाहीतर मोबाइलवर चार व्हिडिओ बघून नवऱ्याला ओढत आणणाऱ्या मुली असतात. खंडूकाका यांपैकी कुणीच नव्हते.

ते मार्चमध्ये एका दुपारी आले. साठीचे, सडसडीत. पांढरा सदरा धुऊन धुऊन पिवळट झालेला, बोटात गाडीची किल्ली. घाटकोपरला राहायचे, स्वतःची टुरिस्ट टॅक्सी चालवायचे. मुलगी प्रियंका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि मेअखेरची तारीख होती.

"ताई, बाळाला गाडीतनं घरी आणायची सीट पाहिजे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून चालंल अशी."

"कुणी सुचवलं, काका?"

"कुणी नाय. तीस वर्षं गाडी चालवतोय. ब्रेक लागला की मांडीवरचं पोर कुठं जातं ते एकदा बघितलंय. माझ्या गाडीत नाय, पुढच्या."

मी त्यांना दोन्ही प्रकार दाखवले. पहिली इन्फंट सीट. आम्ही तिला दुकानात टोपली म्हणतो, कारण ती खोलगट असते आणि वर कडी असते. नवजात बाळ तिच्यात नीट मावतं आणि बाळासकट उचलून घरात नेता येतं. पण वर्षभरात बाळ तिच्यात मावेनासं होतं. दुसरी मोठी, कन्व्हर्टिबल. आधी बाळाचं तोंड मागे करून लावायची, पोर मोठं झालं की पुढे करून, चार वर्षं तरी निघतात. मात्र ही नवजात बाळाला ढिली होते, म्हणून आत एक जाडसर उशी येते, डोकं आणि कुशी दोन्हीकडून धरून ठेवणारी. उशी असेल तर मोठी चालते. उशी नसेल तर लहान बाळ तिच्यात घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. हे मी रोज सांगते. झोपेत उठवलंत तरी सांगेन.

काकांनी टोपली उचलून बघितली. कडी धरून जरा झुलवलीसुद्धा. "ही बरी वाटते," ते म्हणाले. "हातात धरल्यासारखी."

"ही वर्षभरात माळ्यावर जाईल, काका. मोठी घ्या. एकदाच घेतली की झालं."

"पण एवढ्या लहान्याला?"

"उशी आहे ना आत."

त्यांनी पुन्हा टोपलीकडे बघितलं. "नाय, म्हणजे पहिल्या दिवशीच आणायचंय म्हणून विचारलं."

"काका, अकरा वर्षं हेच करतेय मी," मी म्हटलं. झालं, कोर्टाचा निकाल लागला. ते हसले आणि मोठी घेतो म्हणाले.

आता खरं कारण सांगते. लिननची साडी नेसलेली एखादी बाई जिना चढून आली असती तर मी म्हटलं असतं, "मॅम, न्यूबॉर्नला टोपलीच बेस्ट. मोठी नंतर बघू." तसंच म्हणते मी त्यांना, नेहमी. खंडूकाकांचा सदरा बघून मी परस्पर ठरवून टाकलं की या माणसाला दोनदा सीट घेणं झेपणार नाही. वर त्यांचं भलं करतेय म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. माझे वडील गिरणीत होते, आणि गिरणी गेल्यावर आम्हाला दुकानात कोण कसं वागवायचं ते मी विसरलेली नाही. तरी मी हे केलं.

पुढची चूकही माझीच. आमच्याकडे बरीच गिऱ्हाइकं वस्तू निवडतात, पैसे भरतात आणि वस्तू दुकानातच ठेवून जातात. बाळ येण्याआधी त्याची वस्तू घरात आणू नये, असं बहुतेक घरांत मानतात. म्हणून मागच्या खोलीत एक फळीच राखून ठेवली आहे. प्रत्येक खोक्यावर नावाची चिठ्ठी, तारीख आणि फोन नंबर. बाळ झालं की कुणीतरी येऊन घेऊन जातं. काकांनी खोकं उचलायला हात घातला तेव्हा मीच म्हटलं, "आत्ताच नेताय? बाळाच्या आधी घरात कशाला, काका? राहू दे इथे, जपून ठेवते मी."

ते म्हणाले, "आम्ही असलं काय मानत नाय, ताई. बाबासाहेबांची माणसं आम्ही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तुमच्या मनाला वाटतंय तर राहू द्या."

केवळ माझ्या मनासाठी ते खोकं ठेवून गेले.

एप्रिलच्या मध्यावर एक जोडपं आलं. अंधेरीतल्याच एका टॉवरमधलं. त्यांनी तेच मॉडेल नेलं होतं आणि उशी वॉशिंग मशीनमध्ये घालून तिच्या चिंध्या केल्या होत्या. पण बोलणं असं की आम्हीच खराब माल दिला. नवरा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून व्हिडिओ काढत होता, बायको आमच्या नावाने इंटरनेटवर काय काय लिहिणार ते वाचून दाखवत होती. शेठ गावाला गेलेले. खालून गिऱ्हाइकं मान वर करून बघत होती. मला राग आला होता आणि आणखी थोडा वेळ ते चालू राहिलं असतं तर मी काहीतरी बोलून बसले असते.

मी मागच्या खोलीत गेले. फळीवर त्या मॉडेलचं एकच खोकं होतं. चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवली, उशी काढली, पट्टी पुन्हा दाबून बसवली. जोडपं उशी घेऊन, थँक्यूसुद्धा न म्हणता गेलं.

मेअखेरची तारीख आहे, मी स्वतःला सांगितलं. कंपनीकडून सुटी उशी मागवू, तोवर येईल. मागवलीही. तीन आठवडे लागतील म्हणाले. मी चिठ्ठीवर काही लिहिलं नाही, खाली काउंटरवर बसणाऱ्या लताला सांगितलं नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी सुरू झाली आणि ते डोक्यातून साफ गेलं.

मे महिन्यातल्या पहिल्या बुधवारी मी दुकानात आले तर काउंटरवर पेढ्यांचा बॉक्स उघडा. मंगळवारी माझी सुट्टी असते. मी एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुणाचे गं?"

"तुमच्या खंडूकाकांचे," लता म्हणाली. "मुलगी झाली. तीन आठवडे आधीच आली म्हणे, सव्वादोन किलोची आहे, पण छान आहे. मी म्हटलं, काका, मुलीची बर्फी ना? तर म्हणाले, पेढेच, मुलगी झाली म्हणून मिठाई का बदलायची? झकास आहेत ना?"

"आणि बॉक्स?"

"नेला ना काल. उद्या अकरा वाजता घरी सोडणार आहेत."

पेढा तोंडात तसाच राहिला. मी वर गेले, फळीवरची मोकळी जागा बघितली आणि पेढा टिशूमध्ये काढला. सव्वादोन किलोचं बाळ, मोठी सीट, आत उशी नाही. तेव्हाच फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. "काका, माझी चूक झाली, तुमची उशी मी दुसऱ्याला दिली." एवढंच बोलायचं. मी नंबरही काढला. मग खालून कुणीतरी हाक मारली, आणि हाक मारली म्हणून मला बरं वाटलं.

बारा वाजता त्यांचाच फोन आला.

"ताई, खंडू बोलतोय घाटकोपरवरनं. ती उशी... तुम्ही सांगितलेली. ती बॉक्सात दिसत नाय."

समोर एक बाई पाळणा बघत होती. लता कसली तरी पावती घेऊन वर आली होती आणि माझ्याकडे बघत उभी होती. आणि माझा आवाज चढला.

"काका, आमच्याकडून बॉक्स पूर्ण जातो. उघडताना नीट बघितलं होतं का? पारदर्शक पिशवीत असते ती. पिशव्यांबरोबर कचऱ्यात गेली असेल."

ते हळूच म्हणाले, "पिशव्या तर आमच्या सोनूबाईनं टाकल्या सकाळी."

"मग बघा."

"चष्मा पण नव्हता माझ्या डोळ्यावर. माझीच चूक. तुम्हाला उगीच तरास दिला, ताई."

मी लताच्या हातातली पावती घेतली आणि उगीच वाचत राहिले.

"मग टॉवेलची जाड घडी घालू का पाठीमागं? चालंल ना तसं?"

टॉवेलची घडी पाठीमागे घातली की बाळ आणखी पुढे ढकललं जातं आणि मान आणखी वाकते. म्हणजे नुसत्या सीटपेक्षाही वाईट. मला हे माहीत होतं. समोर लता होती, पाळण्यावाली बाई होती.

"हं, बघा तसं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे मी केलं. कितीही फिरवून सांगितलं तरी ते असंच आहे. एका माणसाची वस्तू मी काढून घेतली, ती त्याने हरवली असं त्यालाच पटवून दिलं, त्याच्याकडून माफी मागवून घेतली आणि त्याच्या नातीच्या जिवाला धोका आहे हे ठाऊक असून 'हं' म्हटलं. पाळण्यावाल्या बाईला मग मी अर्धा तास हसून हसून पाळणे दाखवले.

संध्याकाळी चारकोपला घरी आले. नवरा जयवंत सौंदाळे तळत होता. तो बेस्टमध्ये मेकॅनिक आहे, पहिल्या पाळीचा, म्हणून संध्याकाळचं जेवण त्याच्याकडे. मी आल्या आल्या तेल उडालं म्हणून ओरडले, मग मीठ कमी म्हणून ओरडले. त्याने गॅस बारीक केला. एरवी तो आपलं साधं मुंबईचं मराठी बोलतो, पण रागावला किंवा काळजीत पडला की मालवणीवर जातो.

"आवाज कित्याक चढवतंस?" तो म्हणाला. "काय केलंस?"

काय झालं, असं नाही. काय केलंस.

मी त्याला सगळं सांगितलं. फक्त माझ्या नावाच्या जागी लताचं नाव घातलं. लताने उशी काढली, लताने फोनवर सगळं काकांवर ढकललं, लता टॉवेलला हो म्हणाली. बोलता बोलता माझी मला किळस आली, पण तोंड थांबेना.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "मगे त्या लताक सांग आत्ताच्या आत्ता फोन करूक," तो म्हणाला. "असली कसली बाई ती? बारक्या पोराच्या जिवाचो प्रश्न आसा."

"हो, सांगते," मी म्हटलं. लताला माझा नवरा चार वेळा भेटलाय. तिच्या मुलाच्या वाढदिवसाला जाऊन आलाय. आता तो तिला कायम असली कसली बाई म्हणूनच बघणार होता. ताटातला मासा मला गिळवेना.

सकाळी साडेनऊला दुकान उघडताच मी काकांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बंद. दवाखान्यात फोन बंद ठेवायला सांगतात किंवा चार्जिंग संपलेलं असेल. चिठ्ठीवर दुसरा नंबर नव्हता. लताला मी विचारलं, कुठला दवाखाना ते काही बोलले होते का. तिने नाव सांगितलं, घाटकोपर पूर्वेचं एक छोटं प्रसूतिगृह.

मी वरून टोपली काढली. जी त्यांनी पहिल्यांदा हातात धरली होती, तीच. लताला म्हटलं, "ही माझ्या नावावर लिही, आणि शेठना सांग मला उशीर होईल."

"झालं काय, मॅडम?"

"काल काकांशी खोटं बोलले मी," मी म्हटलं. "आणि नवऱ्याला सांगितलं की तू बोललीस."

मी तिला काही विचारायची संधी दिली नाही, टोपली उचलली आणि निघाले. खोकं घ्यायला वेळ नव्हता, टोपलीवर नुसतं प्लास्टिक होतं. रिक्षा मिळेना, दहा वाजता घाटकोपरपर्यंत रस्ता कसा असतो ते ठाऊक होतं, म्हणून मेट्रोने गेले.

मेट्रोत शिरले तर एक बाई ताडकन उठली. "बसा, बसा, बाळ आहे तुमच्याजवळ." मी बसले. तिने वाकून टोपलीत बघितलं. आत काही नाही.

"बाळ कुठंय?"

"आणायला चाललेय," मी म्हटलं.

"पहिलं?" तिने हसून विचारलं. "तुमचं की मुलीचं?"

"मुलीचं," मी म्हटलं. मला मुलगीच नाही. दोन मुलगे आहेत. एवढ्यातेवढ्यालाही माझ्या तोंडून सरळ खोटंच निघालं. तिने अभिनंदन केलं, बाजूच्या दोघींनाही सांगितलं. साकीनाका येईपर्यंत चार बायका माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होत्या आणि मला मेट्रोतून उडी टाकावीशी वाटत होती.

घाटकोपरला उतरून रिक्षा केली. प्रसूतिगृहाच्या गल्लीच्या तोंडाशीच मला एक पांढरी टुरिस्ट टॅक्सी दिसली. मागचं दार उघडं. एक बारीकशी मुलगी दाराला टेकून उभी होती, ती प्रियंका असणार. आत एक बाई वाकून काहीतरी करत होती. काका पलीकडे डिकी लावत होते.

मी रिक्षावाल्याला पैसे दिले की नाही ते आठवत नाही. टोपली छातीशी धरून धावत गेले आणि आत डोकावले. बाळ सीटमध्ये होतं. पाठीमागे निळ्या टॉवेलची जाड घडी. मान पुढे, हनुवटी छातीवर, डोळे मिटलेले, पट्टे खांद्यांवरून सैल लोंबत होते.

"बघा, ठेवल्या ठेवल्या झोपली," ती बाई कौतुकाने म्हणाली. ती सोनूबाई, काकांची बायको.

"काढा तिला!" मी किंचाळले. "आधी बाहेर काढा तिला!"

सोनूबाई दचकली, पण हात आजीचे होते, दोन सेकंदांत पट्टा सुटला आणि बाळ तिच्या खांद्यावर गेलं. एक क्षण काहीच नाही. मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि जोरात रडायला लागलं. ते रडणं ऐकलं आणि मी गाडीला टेकले.

काका धावत आले. "ताई? तुम्ही?" मग त्यांचं लक्ष टोपलीकडे गेलं आणि त्यांचा चेहरा फुलला. ते मुलीकडे वळले. "बघ, ह्या त्या दुकानातल्या ताई. मी सांगितलं होतं ना? उशी हरवली माझ्याकडनं, आणि ह्या स्वतः दुसरी सीट घेऊन एवढ्या लांब आल्या. आजच्या जमान्यात कोण करतं?"

"कालपासून बोलतेय मी यांना," सोनूबाई मला म्हणाली. "एक वस्तू नीट बघून घेता येत नाही. काल संध्याकाळी कचरा टाकतात तिथं काठीनं ढवळत उभे होते. सगळी चाळ बघत होती."

काका हसले, ओशाळून. "कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. पण म्हटलं, राहिली असंल तर."

मला वाटलं होतं, टोपली देऊ, टॉवेलचं सांगू आणि जाऊ. बाळ वाचलं, बस. तेवढ्यावर भागलं असतं. कुणी काही विचारलं नसतं आणि मी घाटकोपरची देवी होऊन परत आले असते. पण ते त्या कचऱ्यात काठीने ढवळत होते.

"काका, उशी तुमच्याकडून हरवली नाही," मी म्हटलं. "मीच काढली होती. एप्रिलमध्ये. एका दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली. तुमचा बॉक्स उघडून."

त्यांना कळलं नाही. "म्हणजे?"

"बॉक्समध्ये उशी नव्हतीच. मला माहीत होतं. काल तुम्ही फोन केलात तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोलले."

सोनूबाई बाळाला थोपटायची थांबली. प्रियंकाने माझ्याकडे बघितलं. चार दिवसांची बाळंतीण, चेहरा पांढराफटक, पण नजर सरळ.

"आणि टॉवेल?" तिने विचारलं. "पप्पा म्हणाले, तुम्ही टॉवेलला हो म्हणालात."

"म्हणाले."

"त्याने काय होतं, ते माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"तुम्हाला लाज नाही वाटत?" तिचा आवाज फुटला. तिने आईच्या हातातून बाळ घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली.

मी रडले. रडण्याचा अधिकार मला नव्हता हे कळत होतं, तरी रडले. गल्लीतून जाणारी माणसं, लेकीसुनेला काहीतरी झालं असावं, अशा नजरेने बघत होती.

काका ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते उघड्या दाराशी उभे होते, माझ्या हातातल्या टोपलीकडे बघत.

"ही बरी म्हणता आता," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी मी हीच धरली होती हातात. तेव्हाही हीच बरी होती?"

"नवजात बाळाला हीच बरी. नेहमीच."

"मग ती मोठी का दिलीत मला?"

यावर काहीतरी बोलता आलं असतं. उशी असली तर मोठीही चालते, हे खोटं नाहीच. पण आता अर्धं खरं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. "मला वाटलं, तुम्हाला पुन्हा दुसरी घेणं परवडणार नाही," मी म्हटलं.

त्यांची नजर एक क्षण स्वतःच्या सदऱ्यावर गेली. आजचा सदरा नवा होता, इस्त्रीचा, नातीला न्यायला घातलेला.

"विचारायचंत ना, ताई," ते म्हणाले. "मी तिथंच तर उभा होतो."

एवढंच बोलले. मग त्यांनी मोठी सीट सोडवून बाहेर काढली, टॉवेल झटकला आणि घडी करून सोनूबाईच्या हातात दिला. माझ्या हातातून टोपली घेतली. मी डोळे पुसले, कारण आता माझं काम होतं, ते तरी मला येतं. मी पुढे झाले. "काका, मी लावून देते. कमरेचा पट्टा इथून..."

"तुम्ही राहू द्या," ते म्हणाले.

त्यांनी टोपली उलटसुलट करून बघितली आणि तिच्या कप्प्यातून माहितीपुस्तिका काढली. चष्मा लावला. पुस्तिका इंग्रजीत होती. "प्रियंका, वाच गं," ते म्हणाले.

प्रियंकाने बाळ पुन्हा आईकडे दिलं, गाडीच्या सीटच्या कडेला बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. एक वाक्य वाचायची, मराठीत सांगायची. काका तेवढंच करायचे आणि थांबायचे. तोंड मागे. पुढच्या सीटवर नाही. पट्टा या खाचेतून, मग त्या. मला ती पुस्तिका पाठ आहे. जे काम मी दीड मिनिटात केलं असतं त्याला पाऊण तास लागला. मी दोन पावलांवर भर मेच्या उन्हात उभी होते. कुणी मला जा म्हटलं नाही आणि कुणी सावलीत बोलावलं नाही.

त्यांनी बाळाला टोपलीत ठेवलं. ती नीट बसली, मान मागे, तोंड वर. सोनूबाईने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. काकांनी पट्टे लावले, क्लिप बसवली. पण खांद्याचे पट्टे एक खाच वरून येत होते. एवढ्याशा बाळाला ते खालच्या खाचेतून हवेत, नाहीतर बाळ वर सरकतं. मी गप्प राहायचं ठरवलं होतं. जमलं नाही.

"काका," मी म्हटलं, यावेळी अगदी हळू, "खांद्याचे पट्टे एक खाच खाली घ्यावे लागतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचा हात पट्ट्यावरच होता, पण हलला नाही.

"बघ गं," ते मुलीला म्हणाले, "लिहिलंय का तसं?"

प्रियंकाने पानं मागे उलटली, पुढे उलटली, एका पानावर बोट ठेवून दोनदा वाचलं. "हो, पप्पा. आहे तसं."

मग त्यांनी पट्टे खाली घेतले.